पितळेची मूठ

बायकोबरोबर शेवटचा चहा मी ट्रकच्या केबिनीत प्यालो. गिरणी बंद पडल्यावर जुना ट्रक घेतला होता. केबिनीला आतून स्टीलच्या पट्ट्या, पितळी जाळ्या लावणारा एक कारागीर होता. नाव कधी विचारलं नाही. पट्टी बसली की तिच्यावर फुंकर मारून बाहीने पुसायचा.

हिचे गुडघे गेलेले, म्हणून तिच्या बाजूला धरून चढायला मूठ सांगितली. त्याने हिच्या हातात कणकेचा गोळा दिला. "बाईजी, कस के पकडो." त्या ठशावरून तो पितळ ओतणार होता.

ही म्हणाली, "उरलेल्या कणकेच्या पोळ्या करून देऊ का?" तो खो खो हसला. तो शेवटचा चहा आम्ही त्याच दिवशी केबिनीत बसून प्यालो.

त्याच आठवड्यात ही गेली. घरात बसवेना, झोपवेना. तेरावं उरकून संध्याकाळी त्याच्याकडे गेलो नि ओरडलो, "मूठ नको. वितळवून टाक. कोण चढणार आता?"

त्याने कानस थांबवली नाही. "भिया, बाईजी का हाथ आ गया इसमें. अब गलाऊं कैसे?"

त्याने मूठ बसवली, फुंकर मारली, पुसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ती धरली. तिच्या बोटांच्या खाचांत माझी बोटं मावेनात. तरी तिच्याच बाजूने चढलो, तिच्या सीटवरून सरकत स्टिअरिंगपाशी आलो आणि गाडी काढली.