परीक्षेला बसलेले चिकू

देवाने माणसाला डोकं दिलं ते हेल्मेट घालण्यासाठी, याबद्दल आमच्या मामेसासऱ्यांच्या मनात तिळमात्र शंका नाही. विमानातून छत्री घेऊन उड्या मारण्यात त्यांची फौजेतली सगळी नोकरी गेली. आता ते घोलवडच्या वाडीत जमिनीवर राहतात, पण जमिनीवर त्यांचा विश्वास नाही. चिकू तोडणारे गडी हेल्मेट घालूनच झाडावर चढतात. विवळवेढ्याच्या जत्रेत मामा हेल्मेटसकट आकाशपाळण्यात बसले आणि उतरताना गुडघे कसे जुळवून ठेवावेत, हे पाळणावाल्याला शिकवून आले. मामी तेव्हा ओळख न दाखवता भज्यांच्या गाडीपाशी उभ्या होत्या.

मुलीचा मुलगा त्यांच्याच पलटणीत भरती झाला, तेव्हापासून मामांना फौजेचं हेल्मेटही पटेनासं झालं. "ते गोळी अडवतं, जमीन नाय अडवत," असं त्यांचं म्हणणं. म्हणून जुन्या हेल्मेटात काथ्या, स्पंज, सायकलची ट्यूब असं काय काय बसवायचं, आत कच्चा चिकू बांधायचा आणि पाण्याच्या टाकीवरून खाली सोडायचा. मग तो चिकू पेंढ्यात पिकवायचा आणि कापून बघायचा. मी विचारलं, लगेच का नाही कापत? "चिकू काय नि डोकं काय, मार त्या दिवशी दिसत नाय, जावईबापू. मी पण आपटलो, उठलो, चहा प्यायलो, ठीक हूं म्हणालो. पिकल्यावर आत काळं निघतं." नापास चिकूंचा मिल्कशेक होतो आणि तो जावयाला मिळतो. मामी म्हणतात, "लोकांकडे फळं असतात, आमच्याकडे उमेदवार."

शेवटी एक चिकू आतून स्वच्छ निघाला. मामांनी ते हेल्मेट चिकूच्या खोक्यात भरून नातवाला धाडलं. त्याचा फोन आला, "आजोबा, साहेब हसले. इथे सरकारी हेल्मेटच घालावं लागतं." तेव्हापासून मामा दर रविवारी फोनवर त्याची तपासणी घेतात. उडी झाली का, मळमळलं का, आणि मग, "आईचं नाव सांग." तो हसत सांगतो.

गेल्या रविवारी तो गमतीने म्हणाला, "आता तुम्ही सांगा माझ्या आईचं नाव, आजोबा." मामा फोन कानाला लावून अंगणाकडे बघत राहिले. मामींनी मागून हळूच लेकीचं नाव सांगितलं. मामांनी ते फोनमध्ये म्हटलं. मला त्यांची फार माया वाटली. त्यांना मात्र घाई होती, हनुवटीखालचा पट्टा कसा आवळायचा ते नातवाला पुन्हा सांगायची.