उमेदवारबाई मासळीबाजारात बसल्या, त्याची गोष्ट

दमयंती पालशेतकर सकाळी उठल्यापासून दुपारी दोनपर्यंत पाणी पीत नाही. उपास नाही, नवस नाही, डॉक्टरचं पथ्यही नाही. उलट रत्नागिरीच्या डॉक्टरांनी तिला दोनदा बजावलं आहे की बाई, दिवसाला तीन लिटर पाणी प्या, नाहीतर मूतखडा परत होईल. दमयंतीने मान डोलावली, गोळ्या घेतल्या आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा कोरड्या घशाने सुरूबंदरच्या मासळीबाजारात येऊन पाटावर बसली. तीन लिटर पाणी प्यायचं म्हणजे ते कुठेतरी सोडायलाही हवं, हे डॉक्टरांना कोण सांगणार?

सुरूबंदर म्हणजे खाडीच्या तोंडाशी वसलेलं गाव. पूर्वी ग्रामपंचायत होती, आता नगरपंचायत झाली. कारभार मोठा झाला, घरपट्टी मोठी झाली, पाट्या मोठ्या झाल्या. बाजारात मात्र तीस-बत्तीस बायका रोज सकाळी सहा ते दुपारी दोन मासळी विकतात आणि त्यांच्यासाठी एक संडास नाही. पुरुषांचं काय, त्यांना अख्ख्या गावच्या भिंती आहेत.

दमयंती मूळची हर्ण्याची. लग्न होऊन आली आणि दुसऱ्याच महिन्यात सासूने तिला आपल्या शेजारी पाटावर बसवलं. बांगडा ताजा कसा दिसतो, गिऱ्हाइकाशी कुठवर हुज्जत घालायची, हे सगळं नंतर शिकवलं. पहिला धडा एकच दिला : "आपल्यात पाणी दुपारी पितात गो." दमयंतीला वाटलं, ही सासरची काही रीत असेल. रीत कसली आली आहे! सासूलाही जायला जागा नव्हती, एवढंच. ती तशीच पाय सुजून गेली. आज दमयंती छप्पन्न वर्षांची आहे. एकतीस वर्षं ती त्याच पाटावर बसते आहे आणि कालपरवा बाजारात आलेल्या पोरसवदा सुनांना तोच धडा देते आहे. देताना तिला स्वतःचीच चीड येते.

अगदीच असह्य झालं तर धक्क्यामागे उलट्या घातलेल्या होड्यांचा आडोसा होता. दोघीदोघींनी जायचं, एकीने बसायचं, दुसरीने पदर पसरून उभं राहायचं. तीन वर्षांपूर्वी तोही गेला. गावाचं सुशोभीकरण झालं! होड्या हलवल्या, बाकडी आली, रंगीत दिवे आले आणि माणसाएवढ्या लाल अक्षरांत 'आय लव्ह सुरूबंदर' आलं. मुंबई-पुण्याचे पाहुणे सकाळी सातपासून त्या अक्षरांत डोकी घालून फोटो काढायला लागले. मग बायकांनी बंद पडलेल्या बर्फ कारखान्याची पडकी भिंत गाठली. तिथे काचा आहेत, कुत्री आहेत, पावसाळ्यात साप-जनावरं निघतात. दमयंतीच्या शेजारच्या पाटावरची गोदा तिथेच घसरली तेव्हा तिला सातवा महिना होता. देवानेच राखली म्हणायचं, कारण दुसरं कोणी राखायला नव्हतंच.

तर यंदा नगरपंचायतीची निवडणूक लागली आणि बाजाराचा प्रभाग बायकांसाठी राखीव झाला. दमयंतीला बातमी कळली तेव्हा तिने चक्क समोरच्या गिऱ्हाइकाला दोन बांगडे वर घातले. एवढी वर्षं बाप्ये मतं मागायला आले. त्यांना सांगायचं तरी कसं, आणि त्यांना कळणार तरी काय! ज्याचं जळतं त्यालाच कळतं. आता बाईच निवडून जाणार. बाईला बाईचं दुखणं समजावून सांगावं लागणार नाही.

तीन उमेदवार उभ्या राहिल्या. तिघींची पत्रकं बाजारात आली. दमयंती सातवी शिकलेली, तिने चष्मा लावून तिन्ही पत्रकं पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. प्रवेशद्वारावर भव्य कमान. व्यायामाची उघडी जिम. चौकाचौकांत कॅमेरे. जेट्टीवर नवीन सेल्फी पॉइंट. वाय-फाय. एका पत्रकात तर संगीत कारंजं होतं. मारे पाण्यावर गाणी वाजणार होती! तीन बायका, छत्तीस मुद्दे, आणि बायकांच्या संडासाचा मुद्दा एकीच्याही पत्रकात नव्हता. दमयंतीच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

पहिली उमेदवार राजश्री हात जोडून आली. दमयंतीने तिला सरळ विचारलं. उत्तर राजश्रीच्या दिराने दिलं, "घेऊ, घेऊ, तोही विषय घेऊ." दुसरीला विचारलं, तर तिचा बाप म्हणाला, "आचारसंहिता चालू हाय, आता काय बोलता येत नाय." जणू आचारसंहिता नसती तर त्याने फावडं घेऊन तिथल्या तिथे पाया खणला असता.

तिसरी आली मृणाली सुर्वे. वरच्या आळीतली, तिशी-बत्तिशीची, कडक इस्त्रीची साडी, गळ्यात पक्षाचा पट्टा. हात जोडायचे आणि हसायचं, एवढंच काम तिला दिलेलं दिसत होतं, कारण बोलत होता तिचा नवरा रितेश. हा रस्त्यांची कंत्राटं घेतो. स्वतः उभा राहणार होता, पण राखीव पडल्याने बायकोला पुढे केलं.

"मृणाली, तू सांग गो बाय," दमयंती म्हणाली. "आमी बायकांनी जायचं कुठं?"

मृणालीने नवऱ्याकडे बघितलं. रितेश हसून म्हणाला, "मावशी, हे असले विषय चारचौघांत नसतात काढायचे."

झालं! दमयंती पाटावरून उठलीच. हातात सुरमई कापायचा कोयता होता तो तसाच राहिला, त्यामुळे रितेश दोन पावलं मागे सरला.

"आमाला चारचौघांत बसायला लावता, तवा तुमाला लाज नाय वाटत? आणि विषय काढला की लाज? हिला बसव एक दिवस माझ्या बाजूला. सहा ते दोन. बसली तर बाजारची सगळी मतं तुमची."

रितेशचे डोळे चमकले. त्याच्या डोळ्यांपुढे काय आलं असेल ते सांगायला नको. कोळणीच्या पाटावर बसलेली बायको, हातात मासा, खाली पक्षाचं चिन्ह. तो लगेच म्हणाला, "उद्याच बसते. काय गं?" विचारलं बायकोला, पण उत्तराला थांबला नाही.

दुसऱ्या दिवशी मृणाली खरंच सहाला हजर. सोबत फोटोवाला. सुरमई हातात धरून फोटो, बर्फ फोडतानाचा फोटो, दमयंतीच्या गळ्यात हात टाकून फोटो. दमयंतीच्या अंगाला मासळीचा वास, म्हणून गळ्यातला हात फोटोपुरताच. पाऊण तासात रितेश आणि फोटोवाला गाडी घेऊन पलीकडच्या वाडीत प्रचाराला गेले. मृणालीचे पाटावर बसल्यापासून तीन चहा झाले. उमेदवाराला जो तो चहा पाजतो, आणि नाही म्हटलं तर मत जातं.

साडेनऊला ती पाटावर चुळबुळ करायला लागली. दहाला तिने पायाची घडी बदलली, मग परत बदलली. दमयंती बघत होती, पण मुद्दामच बोलली नाही. त्यात गिऱ्हाईकही होतं. सव्वादहाला मृणालीने तोंड जवळ आणून हळूच विचारलं, "मावशी, इथे बाथरूम कुठे आहे?"

"तेच तर तुला काल विचारलं बाय मी," दमयंती म्हणाली.

मृणालीने नवऱ्याला फोन लावला. उचलला नाही. परत लावला. प्रचाराच्या गाडीवर कर्णा वाजत असताना कुणाला ऐकू येतंय? समोरच्या हॉटेलात गेली तर तिथे फक्त पुरुषांसाठी मुतारी. शेजारच्या आळीत एका घरी विचारावं म्हणून निघाली आणि परत फिरली. उमेदवाराने लोकांच्या दारात मतं मागायची की हे मागायचं? परत आली तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

दमयंतीचा राग तेवढ्यापुरता निवला. तिने कोयता ठेवला, गोदाला हाक मारली आणि बर्फावरची निळी ताडपत्री ओढून घेतली. बर्फ कारखान्याच्या भिंतीमागे दोघींनी ताडपत्रीची दोन टोकं धरली आणि पाठ करून उभ्या राहिल्या. जेट्टीवरून दोन पाहुणे फोन वर धरून इकडेच येत होते. "ओ, तिकडं फिरा! तिकडं!" गोदा ओरडली. त्यांना वाटलं, कोकणातली माणसं किती मोकळी. त्यांनी हात हलवला. मागे मृणाली रडत होती, आणि दमयंतीला तिची दया येत होती आणि चीडही येत होती. हिचं एका दिवसाचं रडणं. आमचं एकतीस वर्षांचं कुणाला दिसलं?

एक मात्र खरं, मृणाली उठून घरी गेली नाही. दोन वाजेपर्यंत बसली आणि पाण्याचा थेंब प्यायली नाही. जाताना दमयंतीचा हात धरून म्हणाली, "मावशी, माझा पहिला मुद्दा हाच."

चार दिवसांनी नवं पत्रक आलं. वर मृणालीचा सुरमईसकट फोटो, 'कष्टकरी भगिनींची हक्काची सोबतीण'. खाली बारा मुद्दे. दमयंतीने बोट ठेवत वाचत नेलं. पहिला कमान. दुसरा सेल्फी पॉइंट. बोट खाली खाली जात राहिलं. अकराव्यावर थांबलं : 'महिलांसाठी स्वच्छतागृहाबाबत पाठपुरावा करणे.' बाराव्यावर 'इतर कामे'. म्हणजे इतर कामांच्या वर नंबर लागला, हेच उपकार! आणि बांधणार नव्हतेच, पाठपुरावा करणार होते. स्वतःच निवडून जायचं, स्वतःच सत्तेत बसायचं आणि पाठपुरावा करायचा तो कुणाच्या पाठीचा?

त्याच संध्याकाळी बाजाराच्या तोंडाशी सुर्व्यांची चौकसभा होती. दिवेलागणीला खुर्च्या मांडल्या. मृणाली मधोमध हात जोडून बसली होती आणि माईक रितेशच्या हातात होता. "तुमची सून, तुमची लेक," असं त्याचं चाललं होतं. दमयंती पत्रक घेऊन उभी राहिली. तिच्यामागे बाजारातल्या वीसेक जणी.

"तू थांब रे," ती रितेशला म्हणाली. "मृणाली, तू सांग. त्या दिवशी माझ्या बाजूला बसली हुतीस. तुला लागली ती पहिली लागली की अकरावी?"

बायका फस्सकन हसल्या. पुरुष आपापल्या चपलांकडे बघायला लागले. रितेश म्हणाला, "मावशी, ही सभा आहे, इथे असलं..."

मृणालीने त्याच्या हातातला माईक धरला. त्याने पटकन सोडला नाही. तिने ओढला तेव्हा कर्णा कर्कश किंचाळला आणि मागची पोरं कानांवर हात ठेवून उभी राहिली.

"पहिली," मृणाली म्हणाली. "मावशी, दुसरं काही डोक्यातच नव्हतं."

कुणीतरी टाळी वाजवली. दमयंतीने त्या दिशेला असं बघितलं की टाळी एकटीच राहिली. टाळ्यांनी कुणाचं पोट मोकळं होत नाही.

"मंग तसं छाप," दमयंती म्हणाली. "पाठपुरावा खोड. बांधणार असं लिही, कधी बांधणार ती तारीख लिही, नि खाली सही तुझी कर, ह्याची नको. आणि तारीख टळली तर आमी बत्तीसजणी पाट घेऊन नगरपंचायतीच्या पायरीवर येऊन बसू. सहा ते दोन. पोटभर पाणी पिऊन येऊ त्या दिवशी. कुठं जायचं ते कुणाला विचारणार नाय. आडोसा धरायला तेवढी तू खाली ये."