नलू शिडीवर बसली

भिलाईच्या रुआबांधा वस्तीत कोणी चंपत रामटेकेचं घर विचारलं, तर सांगणारा आधी मान वर करून बघतो. सवयच तशी पडली आहे. चंपत कधी कोणाच्या पाण्याच्या टाकीवर असायचा, कधी दुकानाच्या पत्र्यावर, कधी भिंतीत उगवलेलं पिंपळाचं रोप उपटायला कठड्याच्या टोकावर. भंडाऱ्याकडच्या धानाच्या मुलखातून तो भिलाईला आला तेव्हा त्याला मिसरूडही फुटली नव्हती. पोलादाच्या कारखान्यात एका ठेकेदाराकडे रिगर म्हणून लागला. जड लोखंड साखळीनं उचलायचं आणि उंचावर नेऊन बसवायचं, हे त्याचं काम. त्या कामातच केस पिकले. लोखंडी तुळईवरून तो असा चालायचा, जसं शेतकऱ्यानं आपल्या धुऱ्यावरून, शेताच्या बांधावरून चालावं.

कारखान्यात आता नियम कडक झाले होते. अंगाला बेल्ट, बेल्टाला दोन हूक, आणि एक सोडायचा तर दुसरा आधी अडकवायचा. चंपत हे मन लावून पाळायचा. एखाद्याचा हूक मोकळा लोंबताना दिसला, तर त्याला असं बोलायचा की तो माणूस घरी जाऊन जेवायचा नाही. पण सुट्टी झाली, गेटाबाहेर येऊन सायकलवर टांग टाकली, की उंची कारखान्यातच राहायची. घराचं छप्पर, दुकानाचा पत्रा, यांना चंपत उंची मानतच नसे. बेल्ट ठेकेदाराच्या स्टोअरमध्ये, आणि चंपत स्लिपर घालून लोकांच्या डोक्यावर. तो एकटाच असा होता असंही नाही. कारखान्यात हुकाशिवाय पाऊल न टाकणारी निम्मी वस्ती रविवारी अशीच उघडीबोडकी छपरावर चढायची. दोन मिनिटांचं काम, त्याला बेल्ट कशाला, म्हणायची.

शिडी मात्र नलूच धरणार. नलू म्हणजे चंपतची बायको. दुसऱ्या कोणाचा हात शिडीला लागलेला त्याला चालत नसे. ती दोन्ही हातांनी शिडी धरायची, पाय रोवायची आणि तो उतरेपर्यंत हलायची नाही.

मागच्या उन्हाळ्यात नलूचा धाकटा भाऊ सुखराम पडला. नंदिनी नगरला चुनखडीच्या खाणीत काम करणारा, उंचसखल जागा पायाखालून घातलेला माणूस. शेजाऱ्याच्या सिमेंटच्या शीटवर ताडपत्री सरकवायला चढला, आणि शीट फुटून सरळ आत, फरशीवर. कमरेखालचं अंग गेलं. आता कूस बदलायची तरी हाक मारतो. चंपत त्याला भेटायला जायचा, खाटेजवळ बसायचा, आणि येताना दरवेळी म्हणायचा, "साल्याचा पाय चुकला."

भीमजयंतीच्या आदल्या रात्री वावधान सुटलं. सकाळी बघतात तो काय, बुद्धविहाराच्या सिमेंट-शीटच्या छपरावरचा निळा झेंडा काठीभोवती गुंडाळला गेलेला आणि काठी कलंडलेली. वस्ती पांढऱ्या कपड्यांत अंगणात जमली होती. खिरीच्या गंजाखाली जाळ लागला होता, भंते दुर्गवरून निघाले होते. विहार समितीचा प्रफुल, रेल्वेत नोकरीला असलेला मोठा धांदरट माणूस, चंपतला शोधत आला.

"जय भीम, काका. झेंडा पाहा ना! भंते येऊन राहिले. दो मिनट का काम है."

"शिडी आन," चंपत म्हणाला. इस्त्रीच्या सदऱ्याच्या बाह्या त्यानं वर सारल्या. सगळ्यांच्या नजरा आपल्याकडे वळल्या हे त्याला पाठ फिरवूनही कळत होतं. दरवर्षी तोच चढायचा, झेंडा सोडायचा, आणि खाली टाळ्या पडायच्या. शिडी भिंतीला लागली. त्यानं बायकांच्या घोळक्याकडे बघून हाक मारली, "नलू, धर वं."

नलू आली. तिनं शिडी धरली, हळूच बाजूला घेतली, जमिनीवर आडवी केली आणि पांढऱ्या लुगड्याचा पदर सावरून तिच्यावर बसली.

"हे काय करून राहिली?"

"बसून राहिली."

लोक हसले. मागून कोणीतरी ओरडलं, "चंपतभाऊ, कारखान्यात तं सारे तुमाले भेतात, अन् खरी सुपरवायझर घरीच निघाली!"

प्रफुल पुढे झाला. "काकू, उठा ना वो. दोनच मिनटं."

"सुखरामलेई दोनच मिनटं लागनार होते," नलू म्हणाली.

हसणं तिथेच थांबलं. चंपतचं तोंड लाल झालं. "त्याचा पाय चुकला. माहा नाही चुकत."

"तुमचा पाय चुकत नाही, मले का मालूम नाही? पर शीट फुटली तं पाय काय करन? खाली फरशीच हाय ना?" ती वर न बघता बोलत होती. "तिकडं हुकाबिगर पाऊल टाकत नाही तुमी. अन् विहारावरून पडलं तं खाली का कापूस अंथरला हाय?"

"लोकाईपुढं माही इज्जत काढून राहिली तू."

"काढली. घरी गेल्यावर भांडा. शिडी मी धरत नाही, अन् कोनाले धरू देत नाही."

तेवढ्यात गाडीचा हॉर्न वाजला. भंते आले. प्रफुलनं घाईघाईनं एका बांबूला दुसरा झेंडा बांधला आणि बांबू फाटकाला आवळला. वंदना झाली, भाषणं झाली, पंगती बसल्या. छपरावरचा झेंडा गुंडाळलेलाच राहिला. चंपत शेवटच्या रांगेत हात जोडून उभा होता, पण खिरीला त्यानं तोंड लावलं नाही.

दुपारी नलू शिडीवरून उठून शेवटच्या पंगतीला वाढायला गेली. शिडी मोकळी झाली. चंपत उठला, शिडी भिंतीला लावली, पहिल्या पायरीवर पाय ठेवला. बघायला कोणी नव्हतं. नुसतं ऊन, आणि वर राखाडी शीट, वावधानानं हलवलेली. मनात नसताना त्याला सुखराम आठवला. मागच्या खेपेला सुखराम खाटेवरून म्हणाला होता, "भाऊजी, पाय नाही चुकला माहा. ठेवाचा तिथंच ठेवला होता." तेव्हा चंपतनं ते कानाआड टाकलं होतं. शिडी एकटी उभी होती, आणि हातांना ती परकी वाटत होती.

त्यानं पाय खाली घेतला आणि प्रफुलला हाक मारली.

"गल्लीतल्या दामिनीच्या नवऱ्याच्या घरी जा. थो रंगाचे ठेके घेते ना, त्याच्याकडचं पाइपाचं मचाण आन. फळ्या आन. दोर अन् बेल्टई घे."

"आता? काका, कार्यक्रम तं आटोपला. आता काय घाई हाय?"

"घाई नाही, म्हनूनच आता. जा बे."

मग काम सुरू झालं ते सावकाश, कारखान्यात व्हावं तसं. आधी विहारातली पोरंबाळं बाहेर काढून दाराला कुलूप लावलं, म्हणजे शीटखाली कोणी नको. मचाण भिंतीशी उभं करून बांधलं. मागच्या सिमेंटच्या खांबाला दोर आवळला आणि छपरावरून अलीकडे घेतला. शीटवर बोल्टांची रांग दिसते, तिच्याखाली लोखंडी अँगल असतो. चंपतनं मचाणावरूनच त्या रांगांवर आडव्या फळ्या सरकवल्या. बेल्ट चढवला, हूक दोराला लावला, झटका देऊन पाहिला, आणि मग कुठे फळीवर पाऊल टाकलं.

"काका," प्रफुल खालून म्हणाला, "दोन मिनटाच्या कामात पूरा दिवस खाल्ला तुमी."

"तुह्या बापाचा खाल्ला का?"

तोवर मिरवणूक ढोल-ताशांसह सेक्टर सहाकडे निघून गेली होती. काठी सरळ झाली, झेंडा सुटला, वाऱ्यानं पसरला. टाळी एकही पडली नाही. उतरण्यापूर्वी चंपत थोडा थांबला. दरवर्षी जिथून तो चालत जायचा, तिथली शीट त्यानं हातोडीच्या दांड्यानं ठोकून पाहिली. आवाज खणखणीत आला. पुन्हा ठोकली. पक्की होती.

संध्याकाळी घरी नलूनं ताट वाढलं. चंपत ताटापुढे बसला आणि भाकरी नुसतीच मोडत राहिला.

"ठोकून पाह्यली मी शीट," तो म्हणाला. "पक्की हाय. तसाच चढलो असतो तरी काही झालं नसतं."

नलूनं त्याच्या वाटीत खीर ओतली. त्याच्यासाठी सकाळची तिनं राखून ठेवली होती.

"नाही झालं ना?" ती म्हणाली. "मंग जेवा."