आंबागडचा ड्रोन आणि चुन्याची रेघ

"आंबागडचा किल्ला वरून दाखवा," पर्यटनाची फिल्म करून घेणाऱ्या माझ्या ग्राहकाचं एवढंच म्हणणं. एक शॉट, फार तर अर्ध्या मिनिटाचा. मी नागपूरची, ड्रोन उडवून पोट भरणारी. हो म्हटलं आणि चपला झिजवायला लागले.

तुम्हीही असा बेत करत असाल तर ऐका. धंद्यासाठी उडवायचा तर ड्रोनची नोंदणी आणि पायलटचं प्रमाणपत्र हवं. ते माझ्याकडे होतं. सरकारी नकाशावर आंबागड हिरव्या पट्ट्यात दिसतं, म्हणजे चारशे फुटांखाली उडवायला नकाशाची हरकत नाही. मला वाटलं, झालं काम! पण नकाशा फक्त आकाशाचं सांगतो. खालच्या जमिनीचे धनी वेगळेच असतात.

पहिल्या दिवशी सकाळी जिल्ह्याचं ठिकाण म्हणून भंडारा गाठलं. रस्ता उत्तम आहे, दीड तास पुरतो. तर्री-पोहे खाऊन आधी किल्ले सांभाळणाऱ्या पुरातत्त्व खात्याच्या कार्यालयात गेले.

"नकाशात हिरवं असन मॅडम, पण किल्ला संरक्षित आहे ना," तिथले साहेब म्हणाले. "आन् डोंगर जंगलवाल्यांचा. आधी त्यांचं ना-हरकत आणा."

जंगलवाल्यांकडे गेले. "देऊ ना, कोण नाही म्हणून राहिलं? पण आधी किल्लेवाल्यांचं आणा."

दोघंही सज्जन होते, दोघांनीही चहा पाजला. मी दोन्हीकडे अर्ज टाकले आणि कंटाळून आंबागडजवळच्या तुमसरला जाऊन लॉजवर आडवी झाले. झोपण्याआधी आंबागडच्या पोलीस पाटलांना फोन करून ड्रोन घेऊन येते आहे असं कळवलं. अगोदर सांगितलेलं बरं असतं, नाहीतर गावात भलत्याच शंका निघतात.

दुसऱ्या दिवशी आंबागडला निघाले. धान निघून गेलेलं, बांध्यांत, म्हणजे भातखाचरांत, लाखोरीचं कडधान्य हिरवं पसरलेलं. एसटी मोजक्याच आहेत, स्वतःची गाडी नेलेली बरी. गावात शिरले तर एका कौलारू घराभोवती ताज्या चुन्याची पांढरी रेघ मारलेली. कंपाउंडवर, गोठ्यामागून, शेणाच्या खड्ड्यालाही वळसा घालून. दारात हाताला चुना लागलेली एक बाई उभी होती.

"तूच का व ड्रोनवाली?" तिने विचारलं. "घे, रेघ मारून ठेवली. आता मोजून टाक."

पोलीस पाटील डोकं खाजवत पुढे आले. मागे सरकारी ड्रोनने गावठाण मोजलं, तेव्हा प्रत्येकाला घराभोवती चुना मारायला सांगितलं होतं. रेघा वरून दिसल्या, घरांची मोजणी झाली, लोकांना मालकीची कार्डं मिळाली. गिरजामावशींचं, म्हणजे या बाईंचं घर तेवढं राहिलं. त्या लेकीच्या बाळंतपणाला सानगडीला होत्या आणि नवरा वारलेला. रेघ मारणार कोण?

"आफिसात गेली तं म्हणतात, ड्रोन आला तवा काहून नव्हत्या?" मावशी म्हणाल्या. "कार्ड नाही तं दीर म्हणते, आंगन माहं."

दीरही काही कमी नव्हते. त्यांनी सकाळीच आपली रेघ मारली होती, मावशींच्या रेघेच्या हातभर आत. मधल्या पट्ट्यात मुंगन्याचं, म्हणजे शेवग्याचं, झाड उभं होतं, शेंगांनी लगडलेलं, दोघांच्याही हद्दीत.

मी जीव कठोर करून सांगितलं, "मावशी, माझा ड्रोन मापाचा नाही. सिनेमाचा आहे. याच्या फोटोचं कार्ड होणार नाही."

त्यांनी हाताचा चुना पदराला पुसला. मग म्हणाल्या, "वरून दिसते तं ना? मंग काढ." मला फार वाईट वाटलं. कार्यालयांतून हात हलवत परतणं म्हणजे काय ते मला कालच कळलं होतं.

परवानग्या आल्या नव्हत्या, त्यामुळे किल्ल्यावर ड्रोन काढायची सोय नव्हती. पायी चढले, हातातल्या कॅमेऱ्याने बुरूज टिपले, माकडांनी बिस्किटं पळवली. खाली आल्यावर मावशींना आणि दिरांनाही विचारून अंगणात ड्रोन उडवला. सगळ्या प्रवासातलं तेवढंच उड्डाण. दोघांनी माझ्या पडद्यावर वाकून आपापली रेघ पाहिली आणि दोघांनाही आपलीच सरळ वाटली. मावशींनी लाखोरीची डाळ, भात आणि मुंगन्याच्या शेंगांची भाजी वाढली. शेंगा वादातल्या झाडाच्याच, दिरांनी तोडून दिलेल्या.

नागपूरला आल्यावर मी फोटो छापून पाठवला. राहिलेल्या घराची चौकशी कुठे करायची ते फोनवर सांगितलं आणि अर्जही लिहून दिला. ग्राहकाने किल्ल्याच्या जागी दुसऱ्याच डोंगराचा शॉट लावून फिल्म पुरी केली. कोणाच्या लक्षातही आलं नाही. माझं उतरलेलं मन मात्र काही केल्या वर येईना.

परवा दोन्ही परवानग्या एकदम आल्या. आता तो शॉट कोणालाच नको आहे, तरी जायचं ठरवलं आहे. एवढं दमल्यावर तो किल्ला मला स्वतःसाठी वरून बघायचा आहे. मागच्यासारखाच पोलीस पाटलांना फोन केला, तर मावशींनी तो त्यांच्या हातून घेतला. त्यांच्या घराच्या अर्जाचं उत्तर अजून आलं नव्हतं.

"मावशी, या वेळी चुना मारू नका," मी म्हटलं. "मी फक्त किल्ल्यासाठी येते आहे."

"माहीत आहे व माय," त्या म्हणाल्या. "पण एकदा मी घरी नव्हती तं घर सुटलं. आता वरून कोनाचाबी जावो, मी चुना मारूनच ठेवीन."