अर्धा आईचा, अर्धा बाबांचा
नव्वदचं दशक सरता सरता डोंबिवलीत आमच्या इमारतीखाली सायबर कॅफे निघाला आणि मी ईमेलचं खातं उघडलं. मी ठाण्यात नोकरीला होते, चांगली कमावती. तरी बाबांनी जेवताना पासवर्ड मागितला. ते बँकेत हेड कॅशियर, जगातल्या प्रत्येक कुलपाची काळजी त्यांनाच.

"उद्या काही झालं तर तुला शोधायचं कुठे?"

"बाबा, माझी पत्रं आहेत ती. दुसऱ्याचं पत्र फोडणं कायद्यातसुद्धा बसत नाही."

आई ताक वाढता वाढता म्हणाली, "माझी माहेरची पत्रं सासरी फोडूनच हातात यायची. तेव्हा तुम्हीही त्याच घरात होतात." बाबांनी ताकाची वाटी पुढे ओढली.

चार दिवसांनी त्यांनी थेट बँकेतला तोडगा आणला. तिजोरीला दोन किल्ल्या, दोन माणसांकडे; एकट्याला उघडता येत नाही. तसा मी अर्धा पासवर्ड त्यांच्या कानात सांगायचा, अर्धा आईच्या. खातं उघडायचं ते दोघांनी मिळून, आणि तसंच कारण असेल तर. मी हसत हसत कबूल झाले. पण त्या खात्यात कळव्याच्या एका मुलाचे मेल होते. खाडीकाठच्या कोळ्यांचा मुलगा, आणि आमच्या घरात अंड्याचंही नाव काढायची सोय नव्हती. बाबांना कळलं तर सगळंच संपलं, असं मला वाटायचं.

मग एका संध्याकाळी लोकल गाड्या बंद पडल्या. इमारतीतले बाकीचे ठाण्याच्या खोपट डेपोतून एसटी धरून आले, मी आले नाही. घरचा फोन नेमका मेलेला. दोघं खाली कॅफेत गेले, तिथून ऑफिसात फोन लावला, कुणी उचलेना. पुढचं मला आईनं सांगितलं. बाबांनी आपला अर्धा टाइप केला, खुर्ची सोडली आणि भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. आईनं एका बोटानं तिचा घातला. सगळ्यात वरच्या मेलमध्ये त्यानं लिहिलेलं, कधी अडकलीस तर आमच्या घरी ये, आई असते. खाली शेजाऱ्यांचा नंबर होता.

मी तिथेच होते, ठाण्याहून खाडीचा पूल चालत ओलांडून गेलेले. शेजारणीनं हाक मारली तेव्हा त्याच्या आईनं वाढलेलं बोंबलाचं कालवण माझ्या पानात होतं. फोनवर बाबा.

"जेवलीस?"

"जेवतेय."

"सावकाश जेव. आज तिथेच राहा, सकाळी ये."

सकाळी घरी पोचले तर ते पेपर वाचत होते. "एकच मेल उघडला. नंबर मिळाला, बंद केला. बाकीचे तुझे आहेत. आता पासवर्ड बदल."

बदलला. अर्धा आईच्या कानात सांगितला आणि बाबांकडे वळले, तर त्यांनी मानच बाजूला घेतली.

"माझी किल्ली त्याला दे. बँकेत चार्ज असाच सोपवतात."

मला रडूच कोसळलं. आई म्हणाली, "माझी मात्र मी देणार नाही."