सिप्रियनची मोकळी आवर्तनं

कोल्हापूर सोडलं त्या सकाळी बाबांनी माझ्या बॅगेतले दोन स्वेटर काढले आणि टॉवेलात गुंडाळलेला आपला बाँगो तिथे बसवला. आई वैतागली, जर्मनीत पोरगी काकडेल म्हणाली. बाबा जन्मभर गणपतीतल्या ऑर्केस्ट्रांत वाजवत आले होते. मलाही त्यांनीच शिकवलं. मी पाया पडले, तर आशीर्वाद राहिला बाजूला. म्हणाले, "मोकळी जागा दिसली की लगेच भरू नकोस. कुणी येत असेल." मला वाटलं, तालाबद्दल बोलतायत.

डार्मश्टाटला शिकले, तिथेच नोकरी लागली आणि फ्रँकफर्टला सिप्रियनच्या बँडमध्ये घुसले. हा कॅरिबियन म्हातारा तरुणपणी जहाजावर वाजवत आला तो इथलाच झाला. कॅलिप्सो, मेरेंगे, कुंबिया, ज्या किनाऱ्याची जी चाल सापडेल ती दुसरीत मिसळून त्यानं इथल्या लोकांना आयुष्यभर नाचवलं. जुने साथीदार एकेक करून गेले. त्यांच्यासाठी तो स्टेजवर एक रिकामी खुर्ची ठेवतो, आणि शेवटच्या गाण्यात चार आवर्तनं सगळ्यांनी हात खाली घ्यायचे. ती गेलेल्यांची. ते लांबून येतात, वेळ द्यावा लागतो, असं तो सांगायचा. मी आपली हो, हो म्हणून मान डोलवायचे.

मग बाबा गेले. तुमच्यातले जे इकडे आलेत, त्यांना तो फोन कसा असतो हे सांगायला नको. दिवसकार्य आटोपल्यावर आईला माझ्याकडे चल म्हटलं. ती हटून बसली. "हे घर सोडलं तर ते कुठे येतील?" मी चिडले. गुडघेदुखीची एकटी बाई, तिच्या काळजीनं मला घास गोड लागेना.

परत आल्यावर पहिल्याच तालमीत सिप्रियननं गाणं थांबवलं. मोकळ्या आवर्तनांत टिकटिक ऐकू येतेय, वाजवताना अंगठी काढत जा, असं मला म्हणाला. माझ्या हातात अंगठी नव्हती, आणि दोन्ही हात मांडीवर होते. बाबांची लग्नातली अंगठी बाँगोच्या कडेला अशीच लागायची. ती आता आईच्या कपाटात आहे. खरं सांगते, मी घाबरले. बाँगो पलंगाखाली सरकवून ठेवला. पण बाबांना असं अंधारात ठेवणंही जिवावर आलं, पुन्हा बाहेर काढला.

उन्हाळ्यात आई आली, परतीचं तिकीट पर्समध्ये जपून. यातलं तिला काही सांगितलं नव्हतं. शनिवारी दुपारी तालमीला नेलं. ती भिंतीशी बसली. शेवटच्या गाण्यात सगळ्यांनी हात खाली घेतले आणि टिकटिक सुरू झाली. आईनं पदर सावरला. घरी स्वयंपाकघरातून रोज म्हणायची तसंच म्हणाली, "अहो, हळू. शेजारी काय म्हणतील?"

टिकटिक हलकी झाली.

परतताना एस-बानच्या लोकलमध्ये तिनं पर्स मांडीवर घेतली. मग म्हणाली, "तरीच ते तिकडे घरी हल्ली ऐकू येत नाहीत." पर्समधलं तिकीट काढून माझ्या हातात दिलं, पुढे ढकलता येतं का बघ म्हणाली.

ढकललं. पण व्हिसा संपला की तिला जावंच लागेल, आउसलेंडरबेहोर्डेत, परदेशी लोकांच्या कचेरीत, विचारून आले. बाबांना व्हिसा लागत नाही. बाँगो ती नेणार की मी ठेवणार, हा विषय आम्ही दोघीही काढत नाही. संध्याकाळी चहा झाला की बाँगो मधे ठेवतो आणि हात मांडीवर घेऊन बसतो. घर म्हणजे सध्या एवढंच. तिसरी खुर्ची आम्ही मोकळी ठेवतो.