छातीचा वर्ग, गच्चीवर

शनिवारच्या वर्गाच्या वह्या आता आमच्यापैकी कुणाकडेही नाहीत. माझी वही जयपूर सोडताना कुठल्याशा खोक्यात गेली, ती गेलीच. तिच्यातलं निम्मं ज्ञानही आता जुनं झालंय. किस्से मात्र टिकलेत, आणि वर्गातलं कुणी भेटलं की त्यांत एखाद्याची भर पडते. काही तर माझ्याच नावावर जमा झालेत, जे मी कधी केलेच नाहीत. म्हणून माझ्या डोळ्यांसमोर घडले तेवढेच सांगते.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. यजमानांची बँकेतली बदली जयपूरला झाली, मालवीय नगरात घर घेतलं, आणि मी, कोल्हापूरची, छातीच्या आजारांचा डिप्लोमा घेऊन एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात लागले. नाव सांगत नाही. छातीच्या वॉर्डचे प्रमुख डॉ. माथुर, तिथलेच, पन्नाशीचे. आवाज इतका हळू की मागच्या रांगेला पुढे सरकावंच लागायचं. त्यांचं म्हणणं असं की परीक्षा पास झाली की डॉक्टर शिकायचा थांबतो आणि पेशंट मात्र यायचे थांबत नाहीत. म्हणून दर शनिवारी तीन वाजता वर्ग. आम्ही हॉस्पिटलातले सातआठ आणि गावात दवाखाना चालवणारे वीसेक डॉक्टर. विषय दोनच: फुप्फुसं आणि अत्यवस्थ पेशंट.

*

ट्रस्टच्या सेक्रेटरींना सगळे भाईसाहब म्हणायचे. त्यांना हा वर्ग खटकायचा. बाहेरचे डॉक्टर येणार, आणि माथुर सर आपल्याच वॉर्डातल्या चुका त्यांच्यासमोर फळ्यावर लिहिणार, हे कुठल्या सेक्रेटरीला आवडेल?

एका शनिवारी गेलो तर हॉलला कुलूप, आणि कुलपाखाली चिठ्ठी: परवानगीशिवाय सभा घेऊ नये. सरांनी ती वाचली, घडी करून खिशात ठेवली, एक्स-रेंचा गठ्ठा काखेत मारला आणि जिना चढून गच्चीवर गेले. आम्ही मागे. डिसेंबरचं ऊन होतं. सरांनी पहिला एक्स-रे आकाशासमोर धरला, आणि खरं सांगते, हॉलमधल्या एक्स-रे बघायच्या त्या मिणमिणत्या दिव्याच्या खोक्यावर कधी दिसली नव्हती इतकी स्वच्छ फुप्फुसं त्या दिवशी दिसली.

दहा मिनिटांत भाईसाहबांचा माणूस वर आला. गच्चीलाही परवानगी लागेल म्हणाला. सर एक्स-रेवरची नजर न हलवता म्हणाले, "मैं तो आसमान पर पढ़ा रहा हूँ. उसकी परमिशन किस दफ़्तर से मिलेगी, पता कर दीजिए."

तीन महिने वर्ग गच्चीवर चालला. मार्चमध्ये ऊन तापलं तशा डॉक्टरांनी छत्र्या आणल्या. पाऊस नाही, पाणी नाही, आणि हॉस्पिटलच्या गच्चीवर पंचवीस उघड्या छत्र्या! रस्त्यावरचे लोक थांबून विचारायला लागले. त्याच आठवड्यात हॉलचं कुलूप निघालं.

*

आमच्या वॉर्डच्या इनचार्ज होत्या गायकवाड सिस्टर. माहेर-सासर दोन्ही नागपूरकडचं, मिस्टर रेल्वेत गार्ड, राहायला खातीपुऱ्याला. माझ्याशी मराठी बोलायला मिळतं म्हणून खूश असायच्या. त्यांची मुलं हिंदी शाळेत जायची आणि आईला "आई, मतलब काय?" असं विचारायची, त्यावर त्या कपाळाला हात लावायच्या.

वर्ग डॉक्टरांसाठी होता. सिस्टर दाराशी उभ्या राहून ऐकायच्या. एकदा सरांनी विचारलं, श्वासनळीत घातलेली नळी सरकली तर सगळ्यांत आधी काय बदलतं? आम्ही पुस्तकातली उत्तरं द्यायला लागलो. दारातून आवाज आला, "सर, छाती एक ही तरफ़ से हिलती है." तेच बरोबर होतं. सरांनी त्यांना आत यायला सांगितलं, तेव्हा एक ज्येष्ठ डॉक्टर पुटपुटले की खुर्च्या मोजक्याच आहेत.

पुढच्या शनिवारी सिस्टर खातीपुऱ्याहून सायकलरिक्षात एक लोखंडी घडीची खुर्ची घालून आल्या. पहिल्या रांगेत, त्या ज्येष्ठ डॉक्टरांच्या शेजारी, त्यांनी ती उघडली. मी विचारलं, सिस्टर, एवढ्या लांबून? म्हणाल्या, "काहून नाही आणायची, मॅडम? कमी होती म्हणत होते न."

*

हा छोटा आहे. डॉ. सक्सेना नावाचे एक गृहस्थ वर्गाला नेमाने यायचे आणि छातीच्या आजारांवरचं व्याख्यान सिगारेट ओढत ऐकायचे. सरांनी एकदा आगकाडीची परीक्षा शिकवली. पेटती काडी तोंडापासून वीतभर लांब धरायची, तोंड उघडं ठेवून फुंकर मारायची. ओठांचा चंबू चालणार नाही. विझली नाही तर समजायचं की श्वासनळ्या अरुंद झाल्यात. आधी कोण? सरांनी सक्सेनांना बोलावलं.

त्यांनी एकदा फुंकलं. दोनदा फुंकलं. तिसऱ्यांदा खोकले. काडी जळत राहिली. हॉलमध्ये कुणी हसलं नाही, कारण ते काय आहे हे आता सगळ्यांनाच कळलं होतं.

सक्सेनांनी ती काडी सरांच्या हातातून घेतली, खिशातून नवी सिगारेट काढून तिच्यावर पेटवली आणि म्हणाले, "जल ही रही है, तो बेकार क्यों जाए."

*

भाईसाहबांचे मामा वॉर्डात भरती झाले. जन्मभर बिड्या ओढलेला म्हातारा. अशा जुन्या पेशंटांना ऑक्सिजन थोडाच द्यायचा असतो. त्यांच्या शरीराला कमी ऑक्सिजनचीच सवय झालेली असते, आणि त्या कमतरतेच्या धाकानेच ते श्वास घेत राहतात. एकदम भरपूर दिला तर धाक संपतो, श्वास मंदावतो, माणूस गुंगीत जातो. हे आम्ही वर्गात दोन शनिवार शिकलो होतो.

दुपारी भाईसाहब भेटायला आले. मामांना धाप लागलेली पाहून त्यांनी स्वतःच ऑक्सिजनचा नळ पूर्ण उघडला. तासाभरात मामा झोपेला आले, हाक मारली तर ओ देईनात. भाईसाहबांना वाटलं, आराम पडला. सिस्टरनी येऊन पाहिलं आणि नळ पुन्हा कमी केला. भाईसाहब ओरडले, माझ्या मामाचा श्वास बंद करतेस? त्यांनी नळाकडे हात नेला. सिस्टर मध्ये उभ्या राहिल्या. भाईसाहब म्हणाले, आजच्या आज नोकरी जाईल.

सिस्टरनी आवाज चढवला नाही. "नौकरी आपकी है, ले लीजिए. नल मेरा है, वो नहीं दूँगी."

तेवढ्यात मी पोचले. सर ओपीडीत होते, निरोप गेला होता. मला सगळं समजलं होतं, सिस्टर बरोबर आहेत हेही. तरी मी आधी भाईसाहबांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. क्षणभरच. मग खाटेच्या दुसऱ्या बाजूला जाऊन उभी राहिले. मी आणि सिस्टर मामांना हलवत राहिलो, नाव घेऊन हाका मारत राहिलो, श्वास घ्यायला लावत राहिलो. सर आले, त्यांनी नळ पाहिला, त्याला हात लावला नाही, आणि आमच्यात सामील झाले. भाईसाहब पायथ्याशी उभे होते, हलले नाहीत.

दोन तासांनी मामांनी डोळे उघडले. भाचा झुकला. मामा म्हणाले, "बीड़ी है?"

नोकरी गेली नाही. संध्याकाळी ड्यूटी संपवून निघताना सिस्टर मला म्हणाल्या, "मॅडम, तुम्ही पह्यले त्यांच्याकडं पाह्यलं." ते वाक्य अजून माझ्या छातीत आहे.

*

हॉस्पिटलला पहिला व्हेंटिलेटर आला. आला आणि झाकून ठेवला. वर लाल मखमल, भोवती रुंद रिबीन, कारण उद्घाटनाला मंत्री यायचे होते आणि त्यांची तारीख मिळत नव्हती. महिना गेला. भाईसाहबांची सक्त ताकीद होती की मंत्री येईपर्यंत कुणी हात लावायचा नाही.

सरांनी तीन शनिवार वर्ग त्या यंत्रापुढे घेतला. रिबीन जागच्या जागी. आम्ही मखमल वर करायचो, वायर खालून काढायचो, रुग्णाऐवजी रबराची पिशवी जोडायचो, एकेक बटण फिरवून पाहायचो आणि पाच वाजता मखमल पुन्हा नीट झाकायचो. चोरी करताना जशी एकी होते तशी आमची झाली होती.

चौथ्या आठवड्यात, सकाळी दहाच्या सुमाराला, बैलगाडीतून आणि मग जीपमधून एक बाई आली. धापू तिचं नाव, असेल पंचविशीची. रात्री जमिनीवर झोपली असताना साप चावला होता. पापण्या मिटलेल्या, मान लुळी, श्वास पक्ष्याइतका. सरांनी नळी घातली, सापाच्या विषावरचं औषध सुरू झालं, आणि आम्ही हाताने पिशवी दाबून तिला श्वास द्यायला लागलो. असं किती तास दाबणार? एक दिवस? दोन?

कुणीतरी ऑफिसला विचारायला पळालं. उत्तर आलं की भाईसाहब बाहेरगावी आहेत, आल्यावर विचारू. सरांनी सिस्टरकडे पाहिलं. सिस्टरनी ड्रेसिंगच्या ट्रेमधली कात्री उचलली, रिबीन कापली, मखमल ओढून खाली टाकली आणि आम्हा सगळ्यांकडे पाहून म्हणाल्या, "हो गया उद्घाटन. तालियाँ बाद में बजाइए."

धापू सहा दिवस यंत्रावर होती. सातव्या दिवशी तिने स्वतः श्वास घेतला. दहाव्या दिवशी मंत्री आले. नवी रिबीन बांधली होती, फोटोवाला होता, भाईसाहब आम्हा सगळ्यांवर डोळे वटारून उभे होते. मंत्र्यांनी रिबीन कापली आणि सहज विचारलं, मशीन चालते ना नीट?

शेजारच्या खाटेवर घूंघट ओढून बसलेली धापू म्हणाली, "चाली जद ही तो म्हूं बैठी छूं." चालली तेव्हाच तर मी बसलेय, असं.

*

आणि हा शेवटचा.

भंवरलाल भाईसाहबांच्या स्वतःच्या दगडाच्या कारखान्यात जाळ्या कोरायचा. लाल दगडातल्या, खिडक्यांना लावतात तशा. चाळीस-बेचाळिशीचा माणूस, पण दहा पावलं चालला की भिंतीला टेकायचा. आमच्याकडे येण्याआधी त्याला तीनदा टीबीचा पूर्ण कोर्स झाला होता. आम्ही थुंकी पुन्हा पुन्हा तपासली, जंतू एकदाही नाही. एक्स-रेवर दोन्ही बाजूंना वर बारीक दाणेच दाणे. सरांनी केसपेपरवर लिहिलं: दगडाच्या धुळीने झालेला फुप्फुसांचा रोग.

हे भाईसाहबांपर्यंत पोचलं. त्यांनी सरांना बोलावून सांगितलं की टीबी लिहा. यांच्या वस्तीत घरोघर टीबी असतो, धुळीने काही होत नाही, मी स्वतः वीस वर्षं कारखान्यात जातो. सर म्हणाले, शनिवारी वर्गात केस ठेवतो, तुम्ही या, सगळ्यांसमोर बोला. भाईसाहब आले. पहिल्या रांगेत मधोमध बसले. सरांनी एक्स-रे दाखवले, थुंकीचे रिपोर्ट वाचले. मग भाईसाहब उठले आणि चांगलं पाच मिनिटं बोलले की हा टीबीच आहे, आणि डॉक्टरांनी मजुरांच्या डोक्यात भलतंसलतं भरवू नये. दोघातिघा डॉक्टरांनी मानाही डोलावल्या.

भंवरलाल कोपऱ्यात स्टुलावर बसला होता. तो उठला. बरोबर आणलेलं पोतं त्याने उघडलं, त्यातून लाल दगडाची एक अर्धवट जाळी काढली, छिन्नी-हातोडी काढली आणि भाईसाहबांच्या पुढ्यात फरशीवर मांडी घातली. सरांच्या लक्षात आलं. नको, भंवरलाल, म्हणाले, तुझ्या छातीला झेपणार नाही. त्याने हात वर करून त्यांना थांबवलं आणि ठोकायला सुरुवात केली.

खिडक्या उन्हामुळे बंद होत्या. वरच्या झरोक्यातून तिरपी उन्हाची पट्टी येत होती. दोनच मिनिटांत ती पट्टी लालसर झाली, मग दाट झाली. त्याच्या छिन्नीखालून धूळ उठत होती आणि उन्हात तरंगत तरंगत पहिल्या रांगेवर येत होती. कुणी जागचं हललं नाही. सक्सेना खोकले. गायकवाड सिस्टरनी पदर तोंडाला लावला नाही, म्हणून मीही लावला नाही.

भाईसाहबांनी खिशातून रुमाल काढला आणि नाकावर धरला.

भंवरलालची हातोडी थांबली. त्याला धाप लागली होती, एकेका शब्दासाठी थांबावं लागत होतं. तो खालूनच त्यांच्याकडे बघत म्हणाला,

"क्यों भाईसाहब... टीबी लग जाएगी क्या?"